चाळीस दिवसांचे चाळीस किलो

“तुमच्याकडे रोप लावताना कुठली बोटं वापरतात गं?”

इमारतीच्या जिन्यात दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या घेऊन उभी होते, तेव्हा वरच्या मजल्यावरच्या सिन्योरांनी (इथे बाईंना सिन्योरा म्हणतात) मला हे विचारलं. आधी वाटलं, माझंच इटालियन कमी पडतंय. मग त्यांनी काठी भिंतीला टेकवली, कठड्याला धरून थोड्या वाकल्या आणि उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं जुळवून पायरीत खुपसल्यासारखी केली. माणगावजवळच्या आमच्या खाचरात माझी आजी अगदी हेच करायची. डाव्या हातातल्या मुठीतून तीन-चार काड्या सोडवायच्या, अंगठ्याने चिखलात दाबायच्या आणि एक पाऊल मागे.

मी पिशव्या खाली ठेवल्या आणि पायरीवरच बसले.

ही गोष्ट मे २०२४ मधली. नवऱ्याच्या नोकरीसाठी आम्ही सप्टेंबर २०२१ मध्ये तोरिनोला आलो. आपण ट्युरिन म्हणतो ते हे शहर. तो गाड्यांच्या डिझाइनचं काम करतो, मी घरून पुण्यातल्या एका प्रकाशनासाठी संपादन करते. उन्हाळ्यात इथे सकाळचे सहा वाजतात तेव्हा पुण्यात साडेनऊ झालेले असतात. त्यामुळे माझा दिवस पहाटेच सुरू होतो आणि दुपारी दोनला मी मोकळी होते. आमचं घर जुन्या इमारतीत आहे. मधल्या चौकाकडे उघडणारी लांब सामायिक बाल्कनी, तिला लोखंडी कठडा आणि त्या बाल्कनीवर सगळ्यांची दारं. इथे त्या बाल्कनीला ‘बाल्लातोइयो’ म्हणतात. पहिल्या दिवशी ती पाहिल्यावर मला गिरगावातली मावशीची चाळ आठवली आणि निम्मी काळजी मिटली. कोणाकडे काय शिजतंय हे इथेही सगळ्यांना कळतं. मी फोडणी दिली की खालच्या बाई खिडकी लावत नाहीत, उलट वर बघून ‘आज काय?’ विचारतात.

शनिवारी आम्ही पोर्ता पालात्सोच्या बाजारात जातो. युरोपातल्या सर्वांत मोठ्या उघड्या बाजारांमध्ये त्याची गणना होते. मोरोक्कोच्या माणसाकडे कोथिंबिरीची भरघोस जुडी मिळते, पुढे भेंडी, नारळ, हिरवी मिरची. मागच्या बाजूला एका छपराखाली आसपासचे शेतकरी आपापला माल घेऊन बसतात. तिथे मात्र त्या आठवड्यात शेतात जे असेल तेच. हिवाळ्यात पानकोबी आणि कांद्याच्या पातीसारखा जाड लीक, एप्रिलमध्ये शतावरीचे कोंब. मी मुद्दाम तिथूनच घेते. ऋतू कळतो.

तांदूळ मात्र आम्ही पहिली दोन वर्षं भारतीय दुकानातूनच आणत होतो. सुपरमार्केटमध्ये पुठ्ठ्याच्या खोक्यात, हवा काढलेल्या विटेसारख्या घट्ट पाकिटात इटालियन तांदूळ असायचा: आर्बोरियो, कार्नारोली, बाल्दो. सुरुवातीला मी आर्बोरियो कुकरला लावला होता. बाहेरून गोळा आणि आतून कणी. तो तांदूळ तसा शिजवायचाच नसतो. आधी कोरडा किंवा थोड्या लोण्यावर गरम करायचा, मग उकळतं पाणी किंवा रस पळीपळीने घालत हलवत राहायचं, शेवटी आचेवरून उतरवून लोणी आणि चीज जोरात फेटायचं. बाहेर आसट भात आणि प्रत्येक दाण्याच्या पोटात किंचित टणकपणा, असा तो व्हायला हवा. मऊभातासाठी वेगळा, ‘ओरिजिनारियो’ नावाचा आखूड गोल दाणा घ्यायचा, हे सिन्योरांनीच सांगितलं. तो इथे सूपमध्ये आणि गोड पदार्थांत घालतात. वर साजूक तूप आणि मेतकूट घातलं की आमच्याकडे आजारपणातलं पथ्य तयार.

तो तांदूळ येतो कुठून, हा प्रश्न मला पडायला २०२३ चा हिवाळा उजाडावा लागला, आणि तोही राहण्याच्या परवान्यामुळे. आमच्या पहिल्या परवान्याची मुदत संपली. पोस्टातून अर्जाचं जाड पाकीट आणलं, १६ युरोंचं महसुली तिकीट चिकटवलं, पोस्टातच दाखल करून पावती घेतली. पुढे बोटांचे ठसे, पुढे वाट. नूतनीकरण होईपर्यंत त्या पावतीवर इटलीत राहता येतं, काम करता येतं, थेट विमानाने मायदेशी जाऊन येता येतं. पण शेजारच्या फ्रान्समध्ये जेवायलासुद्धा जाता येत नाही. ल्यों आणि जिनिव्हाचे आमचे बेत रद्द झाले. कितीतरी महिने ती घडी पडलेली पावती पाकिटात घेऊन आम्ही फिरत होतो, आणि मला मान्य करायला हवं की त्या महिन्यांत मनावर सतत एक ओझं होतं. कागद येईल ना? आईला काही झालं आणि मिळालेलं विमान दुसऱ्या युरोपीय देशातून जाणारं असलं तर? रात्री दोन-दोन वाजता मी हे प्रश्न नवऱ्याला विचारायची.

तो म्हणाला, “मग इथेच फिरू. साध्या गाडीने, दिवसभरात परत येता येईल इतक्या लांब.”

रोम, व्हेनिस, फ्लोरेन्स आम्ही आधी पाहिलं होतं, त्यावर लिहिणारे खूप आहेत. या साध्या गाड्यांनी मला जो इटली दिला तो वेगळा. त्यातला एक शनिवार एप्रिलच्या शेवटचा. पोर्ता नुओव्हा स्टेशनवरून मिलानकडे जाणारी साधी गाडी धरली. कीव्हास्सो गेलं, सान्तिया आलं, मी खिडकीला डोकं टेकवून पेंगत होते. डोळे उघडले तर गाडी पाण्यातून चालली होती.

दोन्ही बाजूंना पाणी. बांध, पाणी, बांध, पाणी. मधेच एखादी विटांची वाडी, चिनाराची रांग आणि बांधावर पांढरे बगळे. उत्तरेला आल्प्स, आणि ४,६३४ मीटर उंचीचा मोन्ते रोझा त्या खाचरांमध्ये उलटा पडलेला. इथले लोक याला ‘मारे आ क्वाद्रेत्ती’ म्हणतात, चौकटींचा समुद्र. मी नवऱ्याचा दंड इतका जोरात धरला की तो घाबरला. घर सोडून सात हजार किलोमीटरवर आलेय आणि बाहेर खाचरं आहेत, हे मला त्याला शब्दांत सांगता येईना. तो नागपूरचा. त्याला शेत म्हणजे कापूस आणि संत्री.

व्हेर्चेल्लीला उतरलो. हा जिल्हा आणि शेजारचा नोव्हारा, इटलीच्या भाताचं कोठार. युरोपियन संघात सगळ्यांत जास्त तांदूळ इटलीत पिकतो. ‘आर्बोरियो’ हे मला कंपनीचं नाव वाटायचं, ते व्हेर्चेल्लीच्या उत्तरेचं एक छोटं गाव निघालं. शहरात तेराव्या शतकातलं सान्त’आन्द्रेआचं देखणं देऊळ आहे, ते आम्ही पाहिलं, पण माझं लक्ष बाहेरच. दुपारी एका खानावळीत पानिस्सा मागवली. तांदूळ, राजम्यासारख्या दाण्यांचा घेवडा आणि डुकराच्या चरबीत मुरवलेलं सॉसेज. मी डुकराचं मांस खात नाही, ती नवऱ्याने संपवली. खानावळीच्या मालकीणबाईंनी मला नुसता घेवड्याचा भात दिला आणि सांगितलं की पूर्वी या शेतांतल्या पाण्यातले बेडूक पकडून तळायचे, तेही गरिबाघरचं मांसच. मला लगेच वलगणीचे मासे आठवले. पहिल्या पावसाला ओढ्यातून शेतात चढणारे, रात्री बत्ती घेऊन बाबा धरून आणायचे ते. खाचरातून माणूस भात तर घेतोच, पण कालवणही घेतो, हे दोन्हीकडे सारखंच.

एक गोष्ट मात्र मुळातच वेगळी. आमचं भात पावसावर. मृग लागला की राब हिरवा होतो, आषाढात आवणी. इथे पेरणी एप्रिल-मेमध्ये, आणि पाणी येतं आल्प्सच्या वितळणाऱ्या बर्फाचं. नद्यांतून ते कालव्यांत सोडतात. त्यातला मोठा कालवा कावूरचा: कीव्हास्सोजवळ पो नदीचं पाणी उचलून तो पूर्वेला तिचिनो नदीपर्यंत जातो, सुमारे ८५ किलोमीटर, आणि १८६३ ते १८६६ अशा तीन वर्षांत तो खणला. एकसंध इटलीचा पहिला पंतप्रधान कावूर स्वतः व्हेर्चेल्लीजवळच्या लेरीत शेती पाहायचा. कालव्याचं काम सुरू व्हायच्या आधीच, १८६१ मध्ये, तो वारला. आणखी एक गंमत कळली. पाणी नुसतं पिकाच्या तहानेसाठी नसतं. इथे वसंतातल्या रात्री गार असतात, साचलेलं पाणी दिवसाची ऊब धरून ठेवतं आणि कोंबाला थंडीपासून वाचवतं. पाण्याचं पांघरूण म्हणावं असं.

म्हणून बर्फ कमी पडला की भात जातं. २०२२ च्या उन्हाळ्यात ते आम्ही पाहिलं होतं, फक्त तेव्हा कळलं नव्हतं. तोरिनोत आमच्या घरापासून पो नदी चालत पंधरा मिनिटांवर आहे. त्या जूनमध्ये पुलाखाली गोटे उघडे पडले होते. सत्तर वर्षांत असा दुष्काळ नाही, असं बातम्यांत सांगत होते. मी फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला होता. बाबांनी लगेच विचारलं होतं, “तिथली शेती कशावर आहे?” मला उत्तर देता आलं नव्हतं. त्या शनिवारी परतीच्या गाडीतून मी त्यांना फोन लावला आणि दोन वर्षांपूर्वीच्या प्रश्नाचं उत्तर दिलं. व्हिडिओवर खिडकीबाहेरची खाचरं दाखवली. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “बांध किती सरळ घातलेत बघ.”

हे सगळं मी जिन्यात सिन्योरांना सांगितलं, तेव्हा त्यांनी तो बोटांचा प्रश्न विचारला.

त्या मूळच्या रेज्जो एमिलियाकडच्या. वय तेव्हा ८६. १९५४ आणि १९५५ असे दोन उन्हाळे त्या ‘मोन्दीना’ होत्या. मोन्दीना म्हणजे खाचरात लावणी आणि बेणणी करणाऱ्या बायका. घरची गरिबी, सोळा वर्षांची पोर, गावातल्या इतर मुलींबरोबर आगगाडीत बसून व्हेर्चेल्लीला. मेच्या शेवटापासून चाळीस दिवस. गुडघाभर पाण्यात वाकून, डोक्यावर रुंद काठाची टोपी, पायांत जाड लांब मोजे, तरी डास आणि जळवा चुकत नसत. झोपायला लांबलचक खोलीत गवताच्या गाद्या. मुकादम बोलू देत नसे, पण गाणं म्हटलं तर चालायचं, म्हणून सगळं गाण्यातून बोलायच्या. आठ तासांच्या वर काम नाही, हे मात्र व्हेर्चेल्लीच्या बायकांनी १९०६ मध्येच लढून मिळवलेलं होतं. ते सांगताना सिन्योरा जिन्यात ताठ उभ्या राहिल्या.

“आणि मजुरी?” मी विचारलं.

“रोख थोडी. आणि दिवसाला एक किलो तांदूळ.”

चाळीस दिवसांचे चाळीस किलो. पोतं पाठीवर घेऊन त्या स्टेशनवरून घरी चालत गेल्या. आईने दारातच पोत्याचं तोंड सोडलं, आत हात घातला आणि तो तसाच आत ठेवून उभी राहिली. हे सांगताना सिन्योरांनी स्वतःचा हात पुढे केला आणि हवेत बोटं पसरली.

साठच्या दशकात तणनाशकं आणि यंत्रं आली, मोन्दीना संपल्या. आता इथे लावणी होत नाही. ट्रॅक्टर पेरून जातो.

जुलैत मी आईला सांगून ठेवलं होतं. आवणीच्या दिवशी तिने बांधावरून व्हिडिओ कॉल केला. इथे सकाळचे सात, मी सिन्योरांना हाताला धरून आमच्या स्वयंपाकघरात आणलं. पडद्यावर पाऊस, चिखलणी झालेलं खाचर आणि सात बायका, निम्म्या इरल्यात, निम्म्या प्लास्टिकच्या खोळीत. सिन्योरा नाक लावून बघत होत्या. मधेच हसल्या, “मागे चालतायत! आम्हीपण मागेच!” मग त्यांनी मला भाषांतर करायला लावलं. पाठ कधी दुखायला लागते? तिसऱ्या दिवशी, आई म्हणाली. सिन्योरांनी मान डोलावली. तिसऱ्या दिवशीच. मग विचारलं, तांदूळ किती देतात? आईने सांगितलं, आता रोख रोजच आणि दुपारचं जेवण. तांदूळ पूर्वी द्यायचे, सासूबाईंच्या काळात.

परवाने ऑगस्टमध्ये हातात आले आणि दिवाळीत आम्ही घरी गेलो. परत येताना आईने कापडी पिशवी दिली, आमच्याच शेतातल्या तांदळाची. तिने ती स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजून, वर दोन चिमटी घालून शिवली होती.

तोरिनोत आल्याच्या संध्याकाळी मी ती वर नेऊन दिली. सिन्योरांनी चष्मा शोधला नाही, पिशवी उघडली नाही. दोन्ही तळव्यांवर घेऊन एकदा वर-खाली केली.

“एक किलो,” त्या म्हणाल्या. “एक दिवस.”