आमची वाटचाल: काजूच्या चोथ्यापासून डी-लॅक्टिक आम्ल

फेणीसाठी बोंडं मळून रस काढला की चोथा उरतो. मार्च ते मे गोव्यातल्या सत्तरी-पेडण्यात त्याचे ढीगच्या ढीग लागतात. आम्ही त्यातल्या साखरेपासून डी-लॅक्टिक आम्ल करतो. त्याचं आरशातल्या प्रतिबिंबासारखं जुळं रूप म्हणजे एल-प्रकार. तो बाजारात मुबलक आहे, त्या स्पर्धेत छोट्या कारखान्याने पडू नये. दोन्ही प्रकारांपासून होणारी पॉलिलॅक्टिक प्लास्टिकं एकत्र केली की वितळणबिंदू 170-180 अंशांवरून 220-230 वर जातो, म्हणून डी-प्रकाराला गिऱ्हाईक आहे.

हे काम करणारा जीवाणू ई. कोलाय, प्रयोगशाळेत वापरल्या जाणाऱ्या निरुपद्रवी के-12 कुळातला. डी-आम्ल तो मुळातच करतो, पण सोबत फॉर्मेट, अ‍ॅसिटेट, इथेनॉल आणि सक्सिनेटही. त्या वाटांची जनुकं काढली. ग्लुकोज असेतो तो झायलोज या चोथ्यातल्या दुसऱ्या साखरेकडे फारसा वळत नाही, म्हणून ग्लुकोज आत ओढणारं पीटीएस-जी हे जनुकही काढलं. बदल सगळे गुणसूत्रातच. प्लाझ्मिडवर, म्हणजे गुणसूत्राबाहेरच्या डीएनएच्या छोट्या कड्यावर, असते तर ते टिकवायला अँटिबायोटिक ओतत बसावं लागलं असतं. जनुकबदल केलेल्या जीवांसाठीच्या 1989 च्या नियमांनुसार जैवसुरक्षा समिती आधी, काम नंतर. वापरलेला द्राव 121 अंशांवर अर्धा तास वाफवल्याशिवाय बाहेर जात नाही.

खरी झटापट चोथ्याशी. ओला चोथा दिवसभरात आंबतो, म्हणून 60 अंशांवर वाळवून ओल दहा टक्क्यांखाली आणतो. मग गरम पाण्याने धुणं, कारण बोंडातलं टॅनिन सेल्युलेज या तंतूंची साखर करणाऱ्या एन्झाइमला धरून बसतं. पुढे एकास दहा पाणी, एक टक्का सल्फ्युरिक आम्ल, 121 अंश, एक तास. उष्णता वाढवली तर झायलोजचं फुरफुराल होतं आणि लिटरला ग्रॅमभर झालं तरी जीवाणू मंदावतो. चुन्याने सामू 10 पर्यंत नेऊन गाळलं की फुरफुराल बरंच उतरतं. चोथ्यातून सुटलेलं अ‍ॅसिटिक आम्ल मात्र तसंच राहतं. नारळाच्या सोडणाच्या वाटेला आम्ही जात नाही, त्यात तंतूंना घट्ट धरणारं लिग्निन फार.

उरलेल्या तंतूंना सामू 5 आणि 50 अंशांवर दोन-तीन दिवस सेल्युलेज. आंबवणं 37 अंशांवर, सामू 7, पाण्यात कालवलेला चुना सोडत. हवा लागत नसल्याने वीज गेली तरी जीवाणू गुदमरत नाही; पण चुन्याचा पंप थांबतो आणि आम्ल चढतं. इन्व्हर्टर आधी त्या पंपाला.

सगळ्यात महागात पडतात ते चोथ्यासोबत कारखान्यात आलेले रानटी लॅक्टोबॅसिलस जीवाणू. तेही लॅक्टिक आम्लच करतात, त्यामुळे उत्पादनाचा आकडा उत्तम दिसतो, पण त्यात एल-प्रकार मिसळलेला असतो. नंतर तो वेगळा काढणं परवडत नाही. म्हणून प्रत्येक बॅचची कायरल एचपीएलसी, म्हणजे डी आणि एल वेगळे मोजणारी तपासणी. डी-प्रकाराची शुद्धता 99 टक्क्यांखाली गेली की ती बॅच प्लास्टिकसाठी बाद.

शेवटी चुन्याशी बांधलं गेलेलं लॅक्टिक आम्ल सल्फ्युरिक आम्लाने मोकळं करताना किलोमागे जवळपास किलोभर जिप्सम पडतं. सिमेंटवाल्यांना ते कोरडं हवं आणि जुलैत गोव्यात काय वाळतं? त्यावर उपाय म्हणजे चुन्याऐवजी कॉस्टिक सोडा आणि पुढे इलेक्ट्रोडायलिसिस, म्हणजे विजेच्या जोरावर खास पडद्यांतून आम्ल वेगळं काढणं. पडद्यांच्या किमती पाहता ते अजून कागदावरच आहे.