आमची वाटचाल : मागच्या अ‍ॅक्सलचं दुकान

मिशिगनमध्ये, डेट्रॉइटहून पॉन्टिअ‍ॅककडे जाणाऱ्या वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूपासून जवळच आमचं छोटं दुकान आहे. जुन्या अमेरिकन मसल कारचा, म्हणजे साठ-सत्तरच्या दशकातल्या मोठ्या इंजिनाच्या गाड्यांचा, मागचा अ‍ॅक्सल उघडायचा, क्राउन-पिनियन (आतली दातांच्या चाकांची जोडी : शाफ्टकडचं लहान पिनियन, चाकांकडचं मोठं क्राउन) बदलायचं आणि सेटिंग करून द्यायचं, एवढंच काम. इंजिनाला हात लावत नाही, रंगाला तर नाहीच.

हे काम मी शिकलो कोल्हापूरच्या उद्यमनगरात, काकांकडे. तिथे ट्रकची डिफरन्शियल यायची. पुढे इंजिनिअर होऊन इकडे आलो, सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत लागलो. २००९ साली जनरल मोटर्स आणि क्रायस्लर दोन्ही दिवाळखोरीत गेल्या, पुरवठादारांकडे कपात झाली, त्यात माझीही नोकरी गेली. घराच्या गॅरेजमध्ये शेजाऱ्याच्या शेव्हरले कमॅरोचा अ‍ॅक्सल खोलला आणि तिथून धंदा सुरू झाला. सुरुवातीचे दिवस ओढाताणीचेच होते; त्याचं रडगाणं इथे नको.

मिशिगनमध्ये हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, म्हणून हौशी लोक गाड्या वसंत येईपर्यंत बाहेर काढत नाहीत. तो हिवाळाच आमचा हंगाम. पण माणूस जागा होतो जुलैत, कारण ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड ड्रीम क्रूझ, म्हणजे याच रस्त्यावर जुन्या गाड्यांची मोठी फेरी, असते. १९९५पासून चालू आहे. तोवर अ‍ॅक्सल हवाच असतो सगळ्यांना.

आणि बहुतेकांना हवा असतो ४.१०चा रेशो. कुणा मित्राने सांगितलेलं असतं. ४.१० म्हणजे पिनियनला १० दात, क्राउनला ४१. चाक एकदा फिरायला प्रोपेलर शाफ्ट चार वेळांहून थोडा जास्त फिरतो. सिग्नलवरून गाडी अशी सुटते की पाठ सीटला चिकटते. पण मग हायवेला लागा. ताशी मैल गुणिले रेशो गुणिले ३३६, भागिले टायरची इंचांतली उंची, की इंजिनाचे मिनिटाला फेरे मिळतात. २६ इंची टायर, चौथा गिअर सरळ एकास एक, ताशी ७० मैल : ४.१०ला ३७०० फेरे, ३.३१ला ३०००च्या आसपास, ३.०८ला २८००च्या आत. ३७०० फेऱ्यांवर तासभर बसून बघा. शेजारी बसलेली बायको पुढच्या वेळी येणार नाही.

आमच्याकडचा प्रश्नांचा फॉर्म सौभाग्यवतींनी केला. हिशेब त्याच बघतात. टायर किती उंच, गिअरबॉक्स कोणता, वर्षातून हायवेवर किती. टायरची उंची मोजूनच आणायची, बाजूला छापलेल्या आकड्यावर भरवसा नाही. एका गिऱ्हाइकाची शेव्हरलेची शेव्हेल एसएस ३९६ (३९६ घनइंचांचं इंजिन) होती, चार गिअरचा मन्सी गिअरबॉक्स, मागे ३.३१. मित्राच्या गाडीत ३.७३, म्हणून याला त्याहून वरचा हवा. फॉर्म बघितला तर याचा गिअरबॉक्स रुंद रेशोचा, पहिला गिअर २.५२, मित्राचा जवळच्या रेशोचा, २.२०. पहिला गिअर गुणिले मागचा रेशो केला : याचे ८.३४, मित्राचे ८.२१. म्हणजे पहिल्या गिअरमध्ये याचीच गाडी पुढे! शिवाय ३९६ला खालूनच एवढा टॉर्क आहे की जास्त रेशो दिला तर टायर जळतात आणि गाडी जागेवर. उलट ३०२ इंजिनाची कमॅरो झेड/२८ घ्या. तिची ताकद वरच्या फेऱ्यांत, म्हणून शेव्हरलेने तिला ३.७३ साधाच दिला होता. तिथे आम्ही कुणाला अडवत नाही.

पैशांचं गणितही असतं. शेव्हरलेच्या १२ बोल्टच्या अ‍ॅक्सलमध्ये ३.३१वरून ३.७३ला जायचं तर जुना कॅरिअर (क्राउन ज्यावर बसतो तो भाग) चालतो. ४.१० म्हटलं की कॅरिअर बदला, नाहीतर जाड क्राउन शोधा. फोर्डच्या ९ इंचीत ही कटकट नाही; क्राउन-पिनियनसकट अख्खा गोळा पुढून बाहेर येतो, दोन गोळे ठेवले तर रविवारी बदलून शर्यतीलाही जाता येतं.

आत मुळात काय आहे हे मात्र आम्ही स्वतः मोजतो. पन्नास वर्षांत कुणी काय घातलं असेल सांगता येत नाही. पॉझी (दोन्ही चाकांना जोर देणारं डिफरन्शियल) असेल तर दोन्ही चाकं उचलायची, शाफ्टवर खडूची रेघ मारायची, चाक एक पूर्ण फेरा फिरवायचं आणि रेघ किती वेळा येते ते मोजायचं. सेटिंगला वेळ जातो. पिनियनखाली शिम (पातळ चकती) घालायची, दातांना पिवळा रंग लावून फिरवायचं, डाग दाताच्या मध्यावर येतोय का बघायचं, नाही आला की सगळं परत खोलायचं. बॅकलॅश, म्हणजे दातांमधला सैलपणा, सहा ते दहा थाउ (इंचाचे हजारावे भाग). आमच्याकडे टूलरूममधून निवृत्त झालेले एक म्हातारबा आहेत, डाग बघून ते चहाचा कप खाली ठेवतात की तोंडाला लावतात यावरून मला निकाल कळतो.

अलीकडे मागणी बदलली आहे. लोक जुना ऑटोमॅटिक काढून ७००आर४ (नंतरचा चार गिअरचा ऑटोमॅटिक) बसवतात, त्याचा चौथा गिअर ०.७०. मग मागे ३.७३ असला तरी हायवेवर २.६१च पडतो आणि ७० मैलांना २४००च्याही आत फेरे. पहिला गिअर ३.०६, त्यामुळे सुटायलाही जोर. अशा गाडीला मी स्वतःहून ३.७३ सुचवतो. गिअरबॉक्स आम्ही बसवत नाही. पलीकडच्या गल्लीतला एक जण बसवतो, त्याचे अ‍ॅक्सल आमच्याकडे येतात. येत्या हिवाळ्यासाठी दोघांनी मिळून एक लिफ्ट घेतली आहे, नोंदणी ऑक्टोबरपासून घेतो. काढलेलं मूळ क्राउन-पिनियन ग्रीस लावून, चिठ्ठी बांधून मालकाला परत देतो. गाडी विकताना त्याचे पैसे मिळतात.