बिष्णुपूरला जाताना खरगपूरलाच उतरा

बिष्णुपूर हे पश्चिम बंगालमधलं जुन्या देवळांचं गाव. लोंढ्याहून अमरावती एक्सप्रेसने निघालात तर गाडीच्या शेवटच्या स्थानकापर्यंत जाऊन उलटं येऊ नका. खरगपूरला उतरून बांकुड्याकडची गाडी धरा. बिष्णुपूर त्याच मार्गावर आहे. रासमंच या तिथल्या जुन्या वास्तूपाशी काढलेलं तिकीट जपून ठेवा, श्यामराय (१६४३) आणि जोडबांगला (१६५५) या देवळांत तेच दाखवायचं.

आपल्या बेळगावजवळच्या खानापुरासारखा जांभा तिथेही आहे, पण बारीक कोरीवकामाला तो भरड. म्हणून बिष्णुपूरच्या मल्ल राजांच्या या देवळांवर भाजलेल्या मातीच्या नक्षीदार फरश्या. उठाव कमी, त्यामुळे भर दुपारी सगळं सपाट दिसतं आणि फोटो फसतात. पूर्वेची भिंत सकाळी, पश्चिमेची उतरत्या उन्हात बघा. घाईत एकच देऊळ जमणार असेल, तर श्यामराय.

बालुचरी ही तिथली रेशमी साडी. तिच्या पदरावरचे रामायण-महाभारतातले प्रसंग विणलेले असतात. छापील दिसले तर साडी परत ठेवा. बेळगावची शहापुरी साडी पारखणाऱ्यांना हे सांगायला नको.