वॉरबँडमधली तिरंदाजी : तिसरं कॅरेक्टर, लेव्हल १४

हरभऱ्याला पाणी चालू आहे. या आठवड्यात आमच्याकडे थ्री फेज रात्रीची, त्यामुळे जेवण झालं की लॅपटॉप घेऊन वावरातल्या खोलीवर येतो. स्प्रिंकलरचे पाईप एकदा हलवले की दोन-अडीच तास मोकळे. माउंट अँड ब्लेड : वॉरबँड हा तलवार-धनुष्याच्या जुन्या लढायांचा २०१० चा गेम आहे, माझ्या जुन्या मशीनवरही अडत नाही. गेल्या नऊ रात्री मी फक्त धनुष्य घेऊन खेळतोय.

आधीची दोन कॅरेक्टरं मी वाया घालवली. सगळे पॉइंट आर्चरी प्रोफिशियन्सीत, म्हणजे तिरंदाजीच्या सफाईत ओतले आणि पॉवर ड्रॉ, म्हणजे जड धनुष्य ओढायचं कौशल्य, एकवरच राहू दिला. बाण लागायचे, पण माणूस पडायचा नाही. चार बाण खाऊनही लुटारू अंगावर यायचा. पॉवर ड्रॉच्या प्रत्येक लेव्हलला बाणाचा मार १४ टक्क्यांनी वाढतो, आणि धनुष्याला जेवढा पॉवर ड्रॉ लागतो त्याच्या वर चार लेव्हलपर्यंत हा फायदा मिळत राहतो. पण पॉवर ड्रॉ स्ट्रेंग्थच्या, म्हणजे कॅरेक्टरच्या ताकदीच्या, एक तृतीयांशाच्या वर चढत नाही. म्हणून या वेळी आधी स्ट्रेंग्थ १५ केली, मग पॉवर ड्रॉ ५, आणि हातात स्ट्राँग बो, ज्याला ३ पुरतो. प्रोफिशियन्सी तर नेम लागेल तशी आपोआप वाढते. गेमवाल्यांनी हे बरोबर पकडलंय असं मला मनापासून वाटतं. १५४५ साली बुडालेलं मेरी रोज हे इंग्रज जहाज १९८२ मध्ये वर काढलं, त्यातल्या लाँगबोंची ओढ शंभर पौंडांच्या वर असावी असा अंदाज आहे. खांदा तयार नसेल तर अशा धनुष्यापुढे नुसता डोळा काय करणार?

खरी अडचण मात्र वेगळीच निघाली. आपल्या नागपूरच्या ओजस देवतळेने २०२३ मध्ये बर्लिनला वर्ल्ड चॅम्पियनशिपचं सोनं घेतलं, तेव्हापासून त्याचे व्हिडिओ मी कितीदा पाहिले असतील. तो दोरी ओढतो, स्थिर होतो, निवांत नेम धरतो आणि सोडतो. मीही तसंच करत होतो. परवा चुलतभाऊ शेजारी बसून बघत होता. म्हणाला, "दादा, तू इतका धरून काऊन ठेवतं? तो गोल मोठा होऊन राह्यला ना!"

खरंच होत होता. दोरी ओढली की रेटिकल, म्हणजे स्क्रीनवरचं नेमाचं वर्तुळ, आकसत जातं, क्षणभर अगदी बारीक होतं आणि लगेच पसरायला लागतं. ओजसचं धनुष्य कंपाउंड. त्याच्या चाकांमुळे दोरी पूर्ण ओढली की हातावरचा भार एकदम कमी होतो, म्हणून थांबता येतं. जुन्या लढाईच्या धनुष्याला चाकं नाहीत. जितकं ओढाल तितका भार वाढत जातो आणि हात थरथरतो. म्हणजे नेम ओढायच्या आधीच धरायचा, आणि रेटिकल बारीक झालं त्याच क्षणी सोडायचं. तेही उभं राहून. चालता चालता सोडलेले माझे बाण कुठेही गेले.

त्याच रात्री समुद्री लुटारूंच्या टोळीवर हे करून पाहिलं. आधी ३० बाणांत आठ-नऊ लागायचे, त्या रात्री १७ लागले. एक गडी ढाल पुढे धरून तिरका धावत येत होता. लहानपणी ज्वारीत मचाणावरून गोफण मारायचो, तेव्हा आजोबा सांगायचे, "पाखराले नको मारू, पाखरू जाऊन राह्यलं तिथं मार." त्या गड्याच्या दोन पावलं पुढे, ढालीच्या खाली, गुडघ्याच्या उंचीवर सोडला. लागला. स्क्रीनवर शॉट डिफिकल्टी, म्हणजे नेम किती अवघड होता तो आकडा, ६.१ आली. हा आकडा मोठा असेल तेवढी प्रोफिशियन्सी जास्त वाढते, म्हणून आता मी मुद्दाम लांबचे नेम घेतो. कुऱ्हाड फेकणारे अजून सोपे: फेकायला हात वर केला की त्यांची ढाल बाजूला होते.

घोड्यावरून अजून जमत नाही. उजवीकडे मागे वळून बाण सोडता येत नाही, एवढं कळलंय. त्यामुळे शत्रूला डाव्या अंगाला ठेवून, खळ्यावर मेढीभोवती बैल फिरतात तसा घोडा फिरवायचा. वेग थोडा कमी केला की नेम बरा बसतो. हॉर्स आर्चरी, म्हणजे घोड्यावरून बाण मारायचं कौशल्य, अजून २ वरच आहे. ती अ‍ॅजिलिटीवर, म्हणजे चपळाईवर चालते आणि माझं सगळं स्ट्रेंग्थमध्ये गेलंय. पुढच्या चार लेव्हल अ‍ॅजिलिटीला.

माझ्या टोळीत वेगिर (गेममधल्या एका राज्याचे) तिरंदाज १२ झालेत. त्यांना उतारावर वरच्या बाजूला उभं करून एफ-वन दोनदा दाबतो, म्हणजे ते जागा सोडत नाहीत, आणि ढालवाले त्यांच्या पुढे खाली. काल शत्रू पळत सुटायच्या आत लढाई संपली. माझ्या तिरंदाजांतले तीन मार्क्समन, म्हणजे वरच्या दर्जाचे तिरंदाज, व्हायच्या बेतात आहेत. आज पाईप हलवून आलो की त्यांना घेऊन नॉर्डांच्या (गेममधल्या दुसऱ्या राज्याच्या) किनाऱ्यावर जायचंय.