लोकरीतले पूर्वज

आमच्या विहीणबाई इंग्लंडमधल्या सफोकच्या. निवृत्त झाल्यापासून त्यांनी आपल्या घराण्याचा शोध घ्यायचे मनावर घेतले आहे, आणि गेल्या उन्हाळ्यात लेकीकडे गेले असताना मीही त्यांच्याबरोबर गावोगावची चर्चे हिंडले. सफोकमध्ये बांधकामाचा दगड नाही, म्हणून ही चर्चे शेतात सापडणाऱ्या गारगोट्यांची बांधलेली असतात. दाराशी बारीक जाळीचे आणखी एक दार असते आणि पाकोळ्या आत कोंडून पडू नयेत म्हणून ते आठवणीने लावून घ्यावे, अशी चिठ्ठी त्यावर असते. आत एका कोपऱ्यात लोखंडी पट्ट्यांची जुनी पेटी असते. तिला तीन कुलुपे, कारण पाद्री आणि दोन कारभारी असे तिघे जमल्याशिवाय ती उघडू नये, असा 1603 चा नियम होता.

गावची नोंदवही या पेटीत राहत असे. आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने 1538 मध्ये बाप्तिस्मा, विवाह आणि दफन लिहून ठेवण्याचा हुकूम काढला, तेव्हा हा नव्या कराचा डाव असणार, अशी लोकांना धास्ती वाटली होती. ती अगदीच अनाठायी म्हणता येणार नाही, कारण 1783 मध्ये प्रत्येक नोंदीवर खरोखरच तीन पेन्स कर बसला, आणि ज्याला तो माफ झाला त्याच्या नावापुढे दरिद्री म्हणून खूण आली. त्याही आधी, देशातला लोकरीचा धंदा चालावा म्हणून, प्रेत लोकरी कापडातच पुरले पाहिजे, असा कायदा झाला होता. तसे केल्याचे शपथपत्र आठ दिवसांत द्यावे लागे, न दिल्यास पाच पौंड दंड होई. विहीणबाईंच्या एका पूर्वजाबद्दल, तो लोकरीत पुरला गेला, एवढेच काय ते कळते.

त्र्यंबकेश्वराला आमच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत मी पणजोबांची सही पाहिली आहे. तिथे घराणे आपणहून जाऊन आपले नाव लिहवून घेते. इथे मात्र लिहिणाऱ्याला कर, कापड आणि कायदा यांच्याशीच कर्तव्य, आणि माणसे त्या ओघात सापडतात, तीही पाद्र्याच्या कानाला आडनाव जसे ऐकू आले तशी. विहीणबाईंचे आडनाव एकाच वहीत चार तऱ्हांनी लिहिलेले आहे.

या जुन्या वह्या आता बहुतेक काउंटीच्या अभिलेखागारात असतात आणि तिथे शाईचे पेन आत नेऊ देत नाहीत. पेन्सिली घेऊन आम्ही पडद्यावर वहीची छायाचित्रे बघत बसलो. एका मुलाचा बाप्तिस्मा 1730 च्या एप्रिलमधला आणि दफन 1730 च्याच फेब्रुवारीतले, हे पाहून मी चूक काढायला निघाले होते. विहीणबाईंनी शांतपणे सांगितले, की 1752 पर्यंत त्यांचे वर्ष 25 मार्चला बदलत असे, म्हणजे ते बाळ दहा महिने जगले होते. आमच्या पाडव्याच्या सुमाराला वर्ष बदलणारा हा हिशेब मला तरी कळायला हवा होता.

1754 पासून विवाहाची नोंद वेगळी होऊ लागली, कारण नव्या कायद्याने वधूवरांच्या आणि दोन साक्षीदारांच्या सह्या आवश्यक केल्या. त्यामुळे या साऱ्या पसाऱ्यात प्रथमच माणसाचा स्वतःचा हात कागदाला लागला. विहीणबाईंच्या एका पणजीच्या पणजीची तिथे फुली आहे, आणि तिच्या दोन्ही बाजूंना तिचे नाव पाद्र्याने लिहिले आहे. फुलीची एक रेघ जाड, दुसरी निसटून खाली गेलेली, आणि शेवटी शाईचा ठिपका, जणू लेखणी नेमकी कुठे उचलायची ते तिला सुचले नसावे. नवऱ्याची सही झोकदार आहे, तिच्याकडे आम्ही दोघींनी फारसे पाहिले नाही. विहीणबाईंनी तारीख उतरवली, साक्षीदारांची नावे उतरवली, मग आपली टिपणवही जरा तिरकी करून ती फुलीही पेन्सिलीने काढायला घेतली, आणि दुसरी रेघ दोनदा खोडली, कारण ती फार सरळ येत होती.