तुम्ही विचारलंत म्हणून: पूर काय बाई-पुरुष बघून येतो का?

आपत्ती व्यवस्थापनाच्या जवळजवळ प्रत्येक प्रशिक्षणात कुणीतरी हे विचारतंच. प्रश्न रास्त आहे. पाणी कुणाला बघत नाही. पण पाण्याची खबर आधी कुणाला लागते, घर कधी सोडायचं हे कोण ठरवतं, निवाऱ्यात कुणाला राहवतं आणि भरपाई कुणाच्या खात्यात पडते, हे सगळं बाई-पुरुष बघूनच होतं.

बांगलादेशात २९ एप्रिल १९९१ च्या चक्रीवादळात सुमारे १ लाख ३८ हजार माणसं गेली. २० ते ४४ या वयात हजार पुरुषांमागे १५ दगावले, हजार बायकांमागे ७१. ऐन ताकदीचं वय हे, तेव्हा अशक्तपणाचं कारण इथे चालत नाही. इशारा बाजारात फिरला, पुरुषाकडून पुरुषाकडे गेला. बाई लेकरं आणि म्हातारी माणसं सांभाळत नवऱ्याची वाट बघत राहिली. निवाऱ्यात बायकांसाठी आडोसा नाही म्हणूनही कित्येकींची पावलं अडली. पुढे तिथल्या पूर्वतयारी कार्यक्रमाने स्वयंसेवकांच्या तुकडीत निम्म्या बायका घेतल्या, कारण त्या थेट चुलीपर्यंत जाऊन सांगू शकतात.

आपल्याकडे कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ फुटांवर धोका. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचे हेच आकडे ४० आणि ४५. हे आकडे येतात व्हॉट्सअ‍ॅपवर, आणि घरातला स्मार्टफोन बहुतेकदा पुरुषाच्या खिशात असतो. म्हणून दवंडी, मंदिराचा भोंगा आणि बचतगटाच्या ताईंची साखळी अजूनही हवीच. दिवस भरत आलेल्या बायकांची तारखांसकट यादी आशाताईंकडे असते. त्यांना इशारा पातळीलाच हलवा. धोका पातळीपर्यंत थांबलात तर दिवस भरलेली बाई बोटीत घालून न्यावी लागते. शिवाय दावणीची म्हैस सोडून बाई निघत नाही, कारण दुधाचे पैसे हीच बऱ्याचदा तिच्या हातातली एकमेव रोकड असते. जनावरांना कुठे न्यायचं आणि तिथे वैरण आहे का, हे आधी सांगा.

सगळ्यात जास्त चुकतं ते निवाऱ्यात. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या निकषांनुसार माणशी साडेतीन चौरस मीटर जागा, ३० माणसांमागे एक शौचालय आणि तेही ५० मीटरच्या आत. म्हणजे २०० माणसांना सात लागतात. जिल्हा परिषदेच्या शाळेत असतात दोन-चार, तीही लहान मुलांच्या मापाची, एखाद्याला कुलूप, आणि वीज गेली की बोअरची मोटर बंद, म्हणजे पाणीही बंद. मग बायका काय करतात? पाणी पिणंच सोडतात, अंधार पडेपर्यंत कळ काढतात. दोन दिवसांत लघवीला जळजळ सुरू होते, आणि शिबिरातले डॉक्टर पुरुष असतील तर तीही कुणी सांगत नाही. पाळीचं कापड भर पावसात, चारचौघांत वाळवायचं कुठे? ते ओलंच वापरलं जातं. पॅड वाटले तरी ते टाकायला कागदी पिशव्या आणि झाकणाचा डबा नसेल तर संडास तुंबतात आणि पुढचे सगळे दिवस नासतात.

म्हणून जूनच्या आधी शाळेची पाहणी करताना सोबत गावातल्या दोन-तीन बायका घ्याच. कडी आतून लागते का, संडासाच्या वाटेवर दिवा कुठे लावायचा, फिरतं शौचालय कुठे उभं राहील, बाळाला पाजायला आणि कपडे वाळवायला कुठली खोली, हे त्या अर्ध्या तासात दाखवतात. पुरुषांच्या समितीला हे सुचत नाही. त्यांना कधी लागलेलंच नसतं.

पाणी ओसरलं की कागद सुरू होतात. पंचनाम्यात ‘कुटुंबप्रमुख’ म्हणून पुरुषाचं नाव पडतं आणि अनुदान त्याच्या खात्यात जातं. शेळ्या-कोंबड्या बाईच्या, पण त्यांची नोंद कुठेच नसते. जनावराच्या कानात बारा आकडी बिल्ला नसेल तर दावा अडतो. बिल्ला असला तरी मालक म्हणून नाव नवऱ्याचं.

हवामान बदलाला तोंड देण्याच्या योजनांचंही तसंच. ठिबक, शेततळं, दोन्हीकडे सातबारा आधी मागतात. धाराशिव भागात बायकांनी घरच्या जमिनीतला अर्धा-एक एकर स्वतःच्या विचाराने पिकवायला मागून घेतला आणि त्यात डाळी, भाजीपाला मिसळून लावला. सोयाबीन गेलं तरी घरात खायला राहतं. पण त्या एकरावर नाव लागल्याशिवाय अनुदान तिला मिळत नाही. लक्ष्मी मुक्ती योजनेखाली, १९९२ च्या शासन निर्णयानुसार, नवऱ्याने अर्ज केला की सातबाऱ्यावर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लागतं. तलाठ्याकडे अर्ज द्या, पोच घ्या, आणि फेरफार मंजूर झाल्यावर नवा उतारा काढून नाव खरंच चढलंय का ते बघा.