आदिस अबाबा ते झांजिबार : पूर्व आफ्रिकेचे पान

आफ्रिकेच्या सहलीचा विषय निघाला की आपल्याकडे बोलणे सिंह, हत्ती आणि मसाई मारा यांपलीकडे सहसा जात नाही, आणि जाणारा शाकाहारी असेल तर ते खाकरे, लाडू आणि तयार पुलावाच्या पाकिटांनी बॅग कशी भरावी यावर येऊन थांबते. इथिओपिया, केनिया आणि टांझानियातील झांजिबार अशी आमची भ्रमंती मात्र मुख्यतः तिथले जेवण समजून घेण्यासाठी होती.

इथिओपियाची राजधानी आदिस अबाबा समुद्रसपाटीपासून सुमारे २,३०० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे सुरुवातीला जिना चढतानाही धाप लागते आणि संध्याकाळी स्वेटर चढवावा लागतो. शहरातील मर्काटो हा आफ्रिकेतील मोठ्यात मोठ्या बाजारांपैकी एक. धान्याच्या गल्लीत मोहरीहूनही बारीक दाण्याच्या टेफची पोती उघडी मांडलेली होती. त्यात पांढरा टेफ महाग आणि तांबडा स्वस्त. त्याच्या शेजारी काळेभोर, चकचकीत कारळे पाहून आमच्यातील एक सोलापूरकर थबकलाच. वास्तविक आश्चर्य वाटण्याचे कारण नव्हते, कारण कारळे हे मूळचे इथिओपियाचे पीक आहे. नाचणीही पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ भागातून आणि ज्वारी सुदानच्या परिसरातून हजारो वर्षांपूर्वी भारतात आली. आपण ज्याला अस्सल मराठी जेवण म्हणतो त्याची अर्धी शिदोरी या भागातून आलेली आहे, हे पुस्तकात वाचणे वेगळे आणि त्या पोत्यात हात घालून पाहणे वेगळे.

टेफचे पीठ भिजवून दोन-तीन दिवस आंबवले जाते आणि मिताद नावाच्या मोठ्या मातीच्या तव्यावर, झाकण ठेवून, एकाच बाजूने भाजले की इंजेरा तयार होतो. त्याच्या वरच्या बाजूला पडलेल्या असंख्य छिद्रांत रस्सा मुरतो. शहरात आता विजेवर चालणारे मितादही सर्रास दिसतात. हा इंजेरा थाळीभर अंथरतात, त्यावर भाज्या आणि डाळी वाढतात, आणि सगळे जण हात धुऊन त्याच एका थाळीभोवती बसतात. यजमानीण घास करून आपल्या हाताने पाहुण्याला भरवते. या रीतीला गुर्शा म्हणतात. घास मोठा असतो आणि तो नाकारणे असभ्यपणाचे समजले जाते, त्यामुळे आमच्यातील संकोची मंडळींची बरीच पंचाईत झाली.

शाकाहाऱ्यांची सोय तिथल्या ऑर्थोडॉक्स चर्चने शतकानुशतके आधीच करून ठेवलेली आहे. ईस्टरनंतरचे पन्नास दिवस सोडले तर वर्षभर दर बुधवारी आणि शुक्रवारी, शिवाय ईस्टरपूर्वी सलग ५५ दिवस उपवास असतो आणि त्यात मांसच नव्हे, तर दूध, लोणी आणि अंडीही वर्ज्य असतात. लहानमोठे सगळे उपवास धरले तर काटेकोर पाळणाऱ्याचे निम्म्याहून अधिक वर्ष त्यात जाते. एरवी स्वयंपाकात मसाला घालून कढवलेले तूप सढळ हाताने वापरतात. उपवासाला त्याच्या जागी तेल येते. उपवासाची थाळी मागितली की बर्बेरे मसाल्यातली मसुराची लालभडक डाळ, हळदीतली वाटाण्याची डाळ, गोमेन नावाची पालेभाजी, बीट, कोबी-बटाटा आणि मातीच्या भांड्यात रटरटत असलेले शिरो असे सगळे एकाच इंजेऱ्यावर येते. भाजलेल्या हरभऱ्याच्या किंवा बाकल्याच्या पिठात मसाला घालून शिरो शिजवतात. साबुदाण्याची खिचडी आणि तळलेले वेफर्स खाऊन आपण जो उपवास करतो, त्याच्याशी या उपवासाची तुलना न केलेलीच बरी!

कॉफीला मात्र घाई चालत नाही. आमच्या मुक्कामाच्या घरी दुपारी जमिनीवर हिरवे गवत पसरून त्यावर लहान कप मांडले गेले आणि निखाऱ्यावर ऊद टाकला गेला. पांढरा सुती पोशाख घातलेल्या गृहिणीने कॉफीच्या हिरव्या बिया धुऊन शेगडीवर भाजल्या, धूर निघू लागताच ती कढई प्रत्येकासमोर फिरवली, मग बिया कुटून पूड जबेना नावाच्या लांब मानेच्या मातीच्या भांड्यात उकळली. पहिला कप अबोल, त्याच चोथ्यात पाणी घालून दुसरा तोना आणि तिसरा बराका. तिसरा आशीर्वादाचा मानतात, म्हणून त्याआधी उठू नये. सोबत चक्क लाह्या होत्या. या सगळ्याला दीड-दोन तास लागतात आणि तेवढ्या वेळात गल्लीतील चार शेजारणी येऊन गप्पांत सामील होतात. माझ्या मते शेजारपाजार टिकवण्याची इतकी कसोशीने जपलेली व्यवस्था मोठ्या शहरांत फार थोड्या ठिकाणी उरली असेल.

नैरोबीत आम्ही थोडेच थांबलो. मक्याच्या पांढऱ्या पिठाचा घट्ट उगाली आणि परतलेली सुकुमा विकी ही पालेभाजी हे तिथले रोजचे जेवण. उगाली पोटभरीचा असला तरी त्याला स्वतःची अशी चव नाही, हे मी प्रांजळपणे नोंदवतो. सकाळी मिळणारी नाचणीची आंबूस उजी मात्र आपल्या आंबिलीची सख्खी बहीण शोभावी अशी होती आणि तीच आमची रोजची न्याहारी झाली.

झांजिबारच्या स्टोन टाउनमध्ये समुद्रकाठच्या फोरोधानी बागेत सूर्यास्तानंतर खाद्यपदार्थांच्या गाड्या लागतात. पर्यटकांची झुंबड झांजिबार पिझ्झावर असते. पातळ पारीत खिमा, अंडे, कांदा आणि चीज भरून तव्यावर परतलेला तो प्रकार मला तरी फसव्या नावाचा आणि तेलकट वाटला. त्यापेक्षा उरोजो घ्यावा. कैरी-लिंबाने आंबट केलेल्या पिवळ्या पातळ रश्शात उकडलेला बटाटा, भजी, खोबऱ्याची चटणी आणि कसाव्याचे कुरकुरीत काप घालून तो वाडग्यात देतात, आणि हिंदी महासागराच्या व्यापारात इथे कोण कोण येऊन गेले हे त्या एका वाडग्यात कळते. चिंचेचे सरबतही इथे छान मिळते, पण बर्फ नको म्हणून सांगावे.

लवंग मात्र इथली नव्हे. ती इंडोनेशियातील मोलुक्का बेटांकडची. एकोणिसाव्या शतकात ओमानी सुलतानांच्या राजवटीत झांजिबार आणि पेंबा बेटांवर तिच्या बागा पसरल्या आणि त्या बागांत गुलामांना राबवले गेले. १८७३ मध्ये बंद झालेल्या गुलामांच्या बाजाराच्या जागी आज अँग्लिकन चर्च उभे आहे आणि त्याच्या आवारात खड्ड्यात उभ्या असलेल्या साखळदंडातील माणसांचे शिल्प आहे. मसाल्यांच्या बागेची सहल घडवणारे वाटाडे लवंग, जायफळ आणि व्हॅनिला यांचे वास देतात, नारळीच्या झावळीची टोपी घालतात, पण हा इतिहास बहुधा गाळतात. म्हणून आधी ते आवार पाहावे आणि मग बागेत जावे, असे मी सुचवेन. मसाले विकत घ्यायचे असतील तर सहलीच्या शेवटी मांडलेल्या दुकानापेक्षा दाराजानीच्या बाजारात ते स्वस्त आणि ताजे मिळतात. तिथे घासाघीस करावी लागते, पण मंडईत वाढलेल्या माणसाला ती शिकवावी लागत नाही.